सुईबाईचा तिसरा अंक

दिएप, ४ नोव्हेंबर १८५६

लेआंद्र,

तुझी तीन पानांची कविता पोचली. मी विचारलं होतं, थंडीसाठी लोकरीचे मोजे पाठवू की बंडी? त्यावर तू समुद्रावर तीन पानं लिहिलीस. समुद्र माझ्या दुकानापासून दोनशे पावलांवर आहे रे बाबा. रोज दिसतो. त्याचा दमटपणा माझ्या रिबिनींत शिरतो आणि गिऱ्हाइकं नाकं मुरडतात. मोज्यांचं काय ते सांग.

इथलं सगळं ठीक. सुया खपतात, दोरे खपतात, बटणं पडून आहेत. मादाम फोलियो, ती गं लेस विणायला शिकवते ती (बघ, तुझ्याशी बोलतानाही आता मला 'गं' यायला लागलंय, इतकी मी बायकांत असते), रोज येऊन तासभर बसते आणि एक बॉबिन घेऊन जाते.

आणि ते केनेल. लेआंद्र, मला वेड लागायची पाळी आली आहे. माणूस सोन्यासारखा. बायको जाऊन सहा वर्षं झाली, हात असा की हस्तिदंतातून जहाजाची शिडं कोरतात, फुंकर मारली तर हलतील. दोन वर्षं दर रविवारी माझ्याकडे जेवायला येतात. पण बोलणं! अडखळतात हे तुला माहीतच आहे. परवाच्या रविवारी जेवताना चमचा खाली ठेवला, लालबुंद झाले आणि म्हणाले, "मा... मा..." मी म्हटलं, "मासा? घ्या की, लाजता कसले!" आणि ताटात आणखी एक हेरिंग वाढला. त्यांनी मान हलवली आणि बिचाऱ्यांनी तो खाल्ला. मग म्हणाले, "मी... मी..." मी मीठ पुढं केलं. मग "शे... शे..." मी उठले आणि शेगडी त्यांच्या पायाशी ओढली. घाम फुटला त्यांना. शेवटी टोपी घेऊन निघून गेले, आणि मी दाराशी उभी राहून एकटीच हसत सुटले. हसता हसता रडूही आलं, पण ते जाऊ दे.

एवढं काय असतं, की माणसाच्या घशात दोन वर्षं अडकून राहावं? मला कळत नाही अशातला भाग नाही. सेहेचाळीस वर्षांची आहे मी, कुक्कुलं बाळ नाही. पण मी बाईमाणूस, मी आपणहून काय बोलू?

मोजे की बंडी?

ऑनोरीन


पॅरिस, १२ नोव्हेंबर १८५६

प्रिय ताई,

बंडी.

तुला वाईट बातमी द्यायची आहे. माझी शोकांतिका पडली. चार वर्षं मी त्या राणीबरोबर जगलो. पाच अंक, दोन हजार ओळी, एकही यमक ओढूनताणून नाही. पहिल्या प्रयोगाला राणी विष पिऊन मरायला लागली. तिचं मरण जरा लांबलं हे मला मान्य आहे, पण वरच्या सज्जातून एक जण ओरडला, "बाई, आटपा, आमची शेवटची गाडी जाईल!" सगळं थिएटर हसलं. ती मेल्यावर टाळ्या पडल्या, पण त्या ती मेली म्हणून पडल्या. चौथ्या प्रयोगानंतर माँतूरनं, म्हणजे आमच्या मॅनेजरनं, नाटक काढून टाकलं. म्हणाला, "लमेल, तुम्ही लोकांना रडवायला जाता आणि ते हसतात. मग हसवायलाच का जात नाही?"

हसवायला! माझ्या 'विलापिका' ज्यांनी वाचल्या (त्रेसष्ट जणांनी, प्रकाशकानं सांगितलं) ते मला गंभीर कवी समजतात.

तुझं पत्र मात्र वाचून मी इतका हसलो की शेजाऱ्यानं भिंतीवर ठोकलं. ताई, आणखी लिही ना. केनेल काय करतात, कसे बसतात, तू काय म्हणतेस, सगळं. माझं मन रमतं.

तुझा
लेआंद्र


पॅरिस, २ मार्च १८५७

प्रिय ताई,

बसली आहेस ना? चाललं! नाटक चाललं! विनोदी, पद्यात, पाच अंक, आणि मी ते सात आठवड्यांत लिहिलं. काल चौतिसावा प्रयोग झाला, आणि तिकीट न मिळालेल्या लोकांनी दारात आरडाओरडा केला. माझ्यासाठी, ताई! मला वाटलं होतं हे मेल्यावरच होतं.

नाव आहे 'सुईबाई'. विषय विचारशील, तर असंच आपलं, एका गावच्या दुकानदार बाईची गोष्ट. काल्पनिक. तिसऱ्या अंकाला तर लोक खुर्च्या बडवतात. गालुशे नावाचा नट आहे, त्याला रोज दोनदा परत बोलावतात.

हिवाळाभर तू सविस्तर पत्रं लिहिलीस, त्यांनी मला फार धीर आला. केनेलना माझा नमस्कार सांग.

तुझा
लेआंद्र


दिएप, १० मार्च १८५७

लेआंद्र,

तुझं पत्र मी दुकानात मोठ्यानं वाचलं. गिऱ्हाइकं ताटकळत उभी होती, राहू देत. आई गेली तेव्हा तू अकरा वर्षांचा होतास आणि माझ्या मापाच्या पट्टीनं टेबलावर ठेका धरून कविता म्हणायचास. तेव्हा मी तुझ्या पाठीत धपाटे घातले, त्यातला एक परत घेते. एकच.

पण तुझं हे काय वागणं? बहिणीला छापील प्रत पाठवायला काय होतं? मी काही अडाणी नाही. 'विलापिका' मी दोनदा वाचल्या आहेत. एकदा कर्तव्य म्हणून आणि एकदा काही राहून गेलं का ते बघायला. नाटक पाठव.

केनेलना सांगितलं, तर त्यांना स्वतःच्या भावाचं नाव झाल्यासारखा आनंद झाला. तुझ्यासाठी कागद कापायची सुरी कोरली आहे. मुठीवर लॉरेलची पानं आहेत, कवींना मुकुट घालतात ना, ती; शिरासुद्धा दिसतात. सोबत पाठवते. त्यांनी तीन रविवार त्यात घालवले. म्हणजे तीन रविवार माझ्यासमोर बसून कोरत होते, त्यामुळे बोलायचा प्रश्न आला नाही आणि आम्हां दोघांनाही बरं वाटलं.

प्रत पाठव.

ऑनोरीन


पॅरिस, १९ मे १८५७

प्रिय ताई,

सुरी अप्रतिम आहे. केनेलचे आभार कसे मानू तेच मला कळत नाही.

प्रत अजून छापली जात आहे.

ताई, तू किती वर्षं विश्रांती घेतली नाहीस! मला वाटतं, जुलैभर तू रुआँला मावशीकडे जावंस. आणि केनेलनाही बरोबर ने. रुआँला मोठमोठी चर्चं आहेत, त्यांतलं कोरीवकाम त्यांना आवडेल. पूर्ण जुलै. एक तारखेला गेलात तर उत्तम.

तुझा
लेआंद्र


दिएप, २५ मे १८५७

लेआंद्र,

तुझं डोकं ठिकाणावर आहे का? जुलै म्हणजे समुद्रस्नानाचा हंगाम. अख्खं पॅरिस इथं अंग बुचकळायला येतं आणि प्रत्येक बाईच्या झालरी पहिल्याच दिवशी उसवतात. वर्षभराचं दुकान माझं त्या दोन महिन्यांत होतं. आणि मी एका विधुराला बगलेत मारून मावशीकडे जाऊ? मावशीला झटका येईल. मादाम फोलियोला तर आनंदानं येईल.

तुझं काहीतरी शिजतंय. सत्तावीस वर्षं ओळखते मी तुला, त्याआधी तुला नाक पुसता येत नव्हतं म्हणून ती धरत नाही. जुलैत तू इथं कुठल्या तरी बाईला घेऊन येणार आहेस आणि ती मला दिसू नये असा तुझा बेत आहे. नटी आहे का? असू दे. खाते का नीट? मला नट्यांचं काही वाटत नाही, खोटं बोलण्याचं वाटतं.

मी कुठंही जात नाही.

ऑनोरीन


दिएप, १५ जून १८५७

लेआंद्र लमेल,

आज सकाळी माझ्या दुकानासमोरच्या भिंतीवर जाहिरात चिकटवली. 'सुईबाई. पाच अंकी विनोदी नाटक. पॅरिसची संपूर्ण नटमंडळी. १२ ते २६ जुलै.' खाली तुझं नाव, माझ्या हाताएवढ्या अक्षरांत.

मी आनंदानं बाहेर धावले. मादाम फोलियो तिथं उभी होती. ती इस्टरला पॅरिसला गेली होती आणि तिनं नाटक पाहिलं होतं. दोन महिने ती रोज माझ्याकडे येऊन बसत होती आणि गप्प होती. तू कल्पना करू शकतोस का, ती बाई दोन महिने गप्प होती! आज मात्र तिच्यानं राहवेना. म्हणाली, "अगं, तो तिसरा अंक! तो तोतरा 'मा... मा...' करतो आणि सुईबाई त्याच्या ताटात मासा टाकते! मग मीठ! मग शेगडी! हसून हसून माझं पोट दुखलं. मी म्हटलं, ऑनोरीनच्या भावाला सुचतं तरी कसं!" आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी दुकान बंद केलं. सोमवारी, सकाळी दहा वाजता. ज्या दुकानाला मी बाबांच्या मयतीच्या दिवशीही अर्ध्याच दिवसाची सुट्टी दिली होती, ते.

ते माझं पत्र होतं, लेआंद्र. ते तुला लिहिलं होतं. पॅरिसला नव्हतं लिहिलं.

ऑनोरीन


पॅरिस, १८ जून १८५७

ताई,

मी नालायक आहे. पुढचं वाच, तरीही वाच.

मी नाटक लिहायला बसलो तेव्हा तुझं पत्र शेजारी होतं. आधी मी फक्त तुझं एक वाक्य घेतलं. ते वाक्य पानावर ठेवलं आणि बाकीची माझी सगळी वाक्यं मेलेली दिसायला लागली. मग दुसरं घेतलं. एकोणीस वर्षं मी शब्द घासतोय, ताई, आणि तू हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर घाईघाईत लिहितेस आणि त्यात माणसं श्वास घेतात. मला तुझा हेवा वाटला. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

मला वाटलं, दिएप लांब आहे. नाटक पंधरा दिवसांत पडेल, माझी पडतातच. चाललं, तेव्हा मला लाज वाटली, आणि बरंही वाटलं, आणि बरं वाटल्याची आणखी लाज वाटली. दौऱ्याचं मला मे महिन्यात कळलं. मी माँतूरच्या पाया पडलो. तो म्हणाला, "दिएपची गोष्ट दिएपला नेऊ नको म्हणतोस? वेडा आहेस का?"

केनेलना कळलंय का?

लेआंद्र


दिएप, २९ जून १८५७

लेआंद्र,

काल रविवार होता. मी ठरवलं, मीच सांगेन. त्यांना पहिलं हसू अनोळखी माणसांच्या तोंडावर दिसण्यापेक्षा माझ्या तोंडून ऐकलेलं बरं.

ऑम्लेट केलं. बसले. म्हटलं, "केनेल, त्या नाटकात..." आणि पुढं शब्दच फुटेना. मला! मादाम फोलियोलाही तोंडावर गप्प करणारी बाई मी. तीन वेळा सुरुवात केली. ते शांतपणे बघत होते. मध्ये बोलले नाहीत, मला काही पुढं केलं नाही, नुसते थांबले. आणि त्या थांबण्यानं मला माझीच इतकी शरम वाटली, की मी उठून भांडी घासायला लागले.

कारण तुला शिव्या देऊन माझं भागत नाही, लेआंद्र. मी आठ दिवस देऊन बघितल्या. त्या माणसावर आधी कोण हसलं? तो दारातून बाहेर पडतोय न पडतोय तोच मी हसले. मग ते हसू मी लिफाफ्यात घालून तुला पाठवलं. तू फक्त त्याला खुर्च्या मांडल्यास.

एवढ्यावर संपलं नाही. जाताना त्यांनी खिशातून दोन तिकिटं काढून टेबलावर ठेवली. १९ तारीख, रविवार, दुपारचा खेळ, तिसरी रांग. तुझं नाव बोटानं दाखवलं आणि हसले. तुझ्या सन्मानासाठी नवा कोट शिवायला टाकलाय त्यांनी.

तो अंक काढ. कसाही काढ. आगगाडीसमोर आडवा पड हवं तर.

ऑनोरीन


पॅरिस, ८ जुलै १८५७

ताई,

सगळं करून बघितलं. माँतूरकडे माझी सही आहे, नाटकातला शब्दही मला आता त्याच्या परवानगीशिवाय बदलता येत नाही. तो म्हणतो, तिसरा अंक काढला तर उरतं काय? खरंय. काही उरत नाही.

मग गालुशेकडे गेलो. म्हटलं, दिएपपुरतं तरी अडखळू नकोस. तो आरशासमोर भुवया रंगवत होता. म्हणाला, "कविराज, मी अठरा वर्षं भाला धरून मागं उभं राहायची कामं केली. आता लोक माझ्या तोंडाकडे बघतात. आणि तुम्ही मला सांगता, तोंड सरळ ठेव?" मी भांडलो. त्याची रंगाची डबी फेकली. त्यानं माझी टोपी खिडकीतून फेकली. टोपी गेली, अंक आहे तिथंच आहे.

मी येत नाही, ताई. मला तोंड नाही. केनेलना ताप आहे असं काही करता येईल का? की तुलाच ताप आणतेस?

लेआंद्र


दिएप, २१ जुलै १८५७

लेआंद्र,

मी ताप आणला नाही. आणणार होते. रविवारी सकाळी अंथरुणात पडून राहिले, आणि मग वाटलं, ते एकटेच जातील. उठले आणि काळा झगा घातला.

थिएटर खचाखच भरलेलं. अर्धे पॅरिसचे, अर्धे आपले. दुपारची वेळ, उकाडा, पंखे हलत होते. केनेल ताठ बसले होते, नवा कोट काखेत घट्ट होत होता. पहिला अंक झाला, दुसरा झाला. ते हसले, तुझ्या चांगल्या ओळींना मान डोलावली. दुकानातल्या बाईचं बोलणं ऐकून एकदा माझ्याकडे वळून बघितलं, कौतुकानं. त्यांना वाटलं, भावानं बहिणीचा गौरव केलाय.

मग तो तुझा गालुशे आला. टोपी हातात, गळ्याशी रुमाल. "मा... मा..." म्हणाला आणि पॅरिसवाले आधीच फुटले.

आपली माणसं हसली नाहीत, लेआंद्र. निदान लगेच नाही. आपली माणसं वळली. कोळणी, लेसवाल्या पोरी, पाववाला, सगळे एकेक करून वळून तिसऱ्या रांगेत बघायला लागले. मग कोणीतरी मागं खुसखुसलं.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते रंगमंचाकडे बघत होते. सगळं कळलं होतं. चेहरा कोरा, हात गुडघ्यांवर. मासा झाला. मीठ झालं. शेगडी आणायला ती नटी उठली आणि मीही उठले.

मी काय केलं ते तुला दुसरं कोणीतरी सांगेलच, म्हणून मीच सांगते. मी तिसऱ्या रांगेत उभी राहून ओरडले, "बस करा!" गालुशे थांबला. ती नटी शेगडी हातात घेऊन थांबली. सगळं थिएटर माझ्याकडे बघायला लागलं. पुढं काय बोलायचं ते मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "हे... हे..." आणि वरून कोणीतरी ओरडलं, "हिलाही लागण झाली!"

काय हसले लोक! छप्पर हललं. लेआंद्र, तुझ्या नाटकाला एवढा मोठा हशा कधी मिळाला नसेल.

केनेलनी माझी बाही धरली आणि मला खाली बसवलं. आणि आम्ही बसून राहिलो, पाचही अंक. मी म्हटलं, चला. त्यांनी मानेनंच नाही म्हटलं. शेवटी पडदा पडल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या. तीन, मोजून. मग आपल्या हातानं माझी शाल उचलली.

बाहेर पडून धक्क्यावर गेलो. दिवस लख्ख होता. माणसं आमच्याकडे बघून बघून जात होती. मी सांगितलं सगळं. पत्र मी लिहिलं, दारात उभी राहून हसले मी, माफ करा, पुन्हा माझ्या घरी जेवायला नका येऊ. सगळं एका दमात. त्यांनी ऐकून घेतलं. मग तोंड उघडलं.

"मा..."

मला त्या क्षणी पुढचा शब्द माहीत होता. मला त्यांचे पुढचे शब्द नेहमीच माहीत असतात, तेच तर माझं दुखणं. जिभेवर आला होता. आणि मी तो गिळला. दोन्ही हातांनी कठड्याचा दोर धरला आणि गप्प राहिले. किती वेळ? एक होडी आत आली, तिनं शिडं उतरवली, टोपल्या काढल्या, मासे वर चढवले. तेवढा वेळ. त्यांच्या कपाळाची शीर फुगली होती. एकदा ते थांबले, मला वाटलं सोडून दिलं. मी तरीही काही बोलले नाही. देवाशप्पथ, आयुष्यात मी इतकं अवघड काम केलेलं नाही, तुला वाढवणंही धरून.

मग त्यांनी वाक्य पूर्ण केलं. शेवटपर्यंत. ते काय होतं ते मी तुला लिहिणार नाही. तुला लिहिलेल्या गोष्टींचं काय होतं ते मी पाहिलंय.

मी हो म्हटलं.

ऑनोरीन


पॅरिस, २ सप्टेंबर १८५७

माननीय श्री. प्रोस्पेर केनेल यांस,

तुम्हांला पत्र लिहायचा मला अधिकार नाही. तरी लिहितो आहे, कारण ताईला लिहिलं असतं तर तिनं तुमच्या वतीनं उत्तर दिलं असतं.

तुमची माफी मागायला मी चार मसुदे केले. चारही चांगले झाले, म्हणून फाडून टाकले.

सोबत तेरा पानं आहेत. तिसरा अंक मी नव्यानं लिहिला आहे. ताईच्या शेवटच्या पत्रावरून लिहिला आहे, हे कबूल करतो. त्यात मासा नाही, मीठ नाही. धक्का आहे, एक होडी आत येते, माणूस बोलायला लागतो आणि बाई थांबते. एवढंच. तो शेवटी काय म्हणतो ते ताईनं मला सांगितलं नाही, म्हणून ते वाक्य मी माझ्या मनानं लिहिलं आहे.

माँतूरला मी ही पानं वाचून दाखवली. त्यानं पानं माझ्या हातातून घेतली आणि शेवटचं पान स्वतः पुन्हा वाचलं. मग म्हणाला, "हा अंक दे, जुना मी जाळतो." म्हणजे तुमच्यावर हसणं थांबेल. पॅरिसमध्ये, दिएपला, सगळीकडे. आणि मी खोटं बोलत नाही, यात माझाही स्वार्थ आहे. एकोणीस वर्षं मी लिहितो आहे. ही तेरा पानं माझ्या हातून झालेलं पहिलं खरं काम आहे. 'विलापिका' नव्हेत, राणीही नव्हे. हे.

पण या वेळी मी आधी विचारतो आहे. हीच एक प्रत आहे. माँतूरकडे मी ठेवलेली नाही, तो चिडला आहे. तुम्ही हो म्हणालात तर परत पाठवा.

आपला
लेआंद्र लमेल


दिएप, १० सप्टेंबर १८५७

प्रिय लेआंद्र,

कागदावर मी अडखळत नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. ऑनोरीनच्याही परवाच लक्षात आलं. ती चिडली. म्हणाली, "मग दोन वर्षं लिहून का नाही दिलंत?" मी म्हटलं, मला बोलायचं होतं. हे म्हणायला मला थोडा वेळ लागला आणि तेवढ्यात तिची कढई करपली. त्याबद्दल पुन्हा चिडली. तुमची बहीण दिवसातून सरासरी चार वेळा चिडते. माझं घर सहा वर्षं फार शांत होतं.

मी पानं दोनदा वाचली. आधी तुमच्या गालुशेबद्दल. त्याला सांगा, माणूस प्रत्येक शब्दावर अडखळत नाही. आकड्यांवर मी कधीच अडत नाही, शिव्यांवर नाही, गिऱ्हाइकाला नाही म्हणताना तर मुळीच नाही. ज्यानं आपलं काहीतरी होणार असतं, त्याच शब्दावर अडतो. तो हे शिकला तर त्याचा तिसरा अंक सुधारेल.

आता तुमच्याबद्दल. नवा अंक फार चांगला आहे. वाचताना मला कठड्याच्या दोराचा वास आला. तुम्ही हे आधी का केलं नाहीत, इतकी वर्षं समुद्राला का छळत होता, ते मला कळत नाही.

तरी माझं उत्तर नाही.

जुना अंक चालू द्या. तुम्हांला हे विचित्र वाटेल. ऑनोरीनला वाटलं, तिनं मला वेड्यात काढलं. पण मी त्या दिवशी तो पूर्ण बघितला आहे. टोपी चुरगळणारा तो माणूस मी नाही. लोक त्याला हसतात, हसू देत. लहानपणापासून माझ्यावर हसतात, आणि ती माणसं उद्या माझ्याकडूनच लेकीच्या लग्नासाठी हस्तिदंती पंखा कोरून घेतात. मला त्याचं काही होत नाही. पण धक्क्यावर उभा होता तो मी होतो, आणि समोर ती होती. ते रोज आठ वाजता, दिवे लावून, तिकीट काढलेल्या माणसांसमोर व्हायला नको. त्यांना ते आवडेल म्हणून तर नकोच.

तुमचं नुकसान होतंय, मला कळतं. मीही हातानं काम करणारा माणूस आहे. एखादी वस्तू उत्तम उतरली आणि ती कोणाला दाखवता येत नाही, हे काय असतं ते मी जाणतो. तुमची तेरा पानं मी माझ्या हत्यारांच्या खणात ठेवली आहेत, कोरड्या जागी. जाळलेली नाहीत आणि जाळणार नाही. तुम्ही याल तेव्हा वाचा. वरचा खण आहे, जरा उचलून ओढावा लागतो.

लग्न २० ऑक्टोबरला, मंगळवारी, सकाळी दहा वाजता. साक्षीदार म्हणून तुमची सही लागेल. ऑनोरीन म्हणते की तिनं तुम्हांला अजून माफ केलेलं नाही आणि तुमच्या कोटाचं माप ताबडतोब कळवा. चर्चमध्ये मला 'हो' म्हणायचं आहे. वेळ लागला तर पाद्रीबाबांनी मध्ये मदत करू नये, असं तिनं त्यांना जाऊन सांगितलं आहे. ते बरेच घाबरले आहेत.

शेवटचं एक. होडी आल्यावर मी जे बोललो ते म्हणून तुम्ही एक वाक्य लिहिलं आहे, बारा मात्रांचं. मी ते ऑनोरीनला वाचून दाखवलं. पूर्ण वाचलं, मध्ये कुठं अडलो नाही, यावरूनच ते माझं नाही हे कळेल. वाक्य सुंदर आहे. माझं त्याच्यापुढे अगदी साधं होतं, व्याकरणही चुकलं होतं. पण तिला तेवढं पुरलं.

तुमचा
प्रोस्पेर केनेल